जागल्याला हाक
(लेखांक 7)

मागच्या लेखांकात मॅक्रोफेज पेशीने जंतू गिळला, इथवर आलो होतो. गिळला म्हणजे संपला असं वाटतं. पण कुष्ठरोगाचा जंतू नेमका तिथेच संसार थाटतो.

परतवाड्याच्या माणसाला हा आजार पुस्तकातून शिकवावा लागत नाही. गावाजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे, तिकडे अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी उभं केलेलं तपोवन आहे. शोधमोहीम निघाली की आशाताई घरोघर येतात, पाठ-हात पाहतात, चट्टा दिसला तर तिथे स्पर्श कळतो का ते विचारतात. इंटरफेरॉन-गॅमा हा पेशींमधला निरोप समजून घ्यायला आपल्याला याहून जवळचा धडा मिळणार नाही.

एखाद्या रुग्णाच्या अंगावर एकदोनच चट्टे असतात. कडा ठसठशीत, मधली कातडी बधिर, आणि जंतू शोधून सापडत नाहीत. दुसऱ्याची कातडी तुकतुकीत दिसते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया झडतात आणि कातडीत जंतूंचे थवेच्या थवे असतात. बाकीचे रुग्ण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. रिडली आणि जॉपलिंग यांनी 1966 मध्ये ही चढण पायरीपायरीने मांडली. जंतू मात्र सगळ्यांत एकच, 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सनला दिसलेला. मग आजार इतका वेगळा का?

अमेरिकेत रॉबर्ट मॉडलिन, बॅरी ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चट्ट्यांचे बारीक तुकडे तपासले आणि तिथल्या पेशी एकमेकींना काय निरोप देताहेत ते पाहिलं. 1991 मध्ये उत्तर छापून आलं. पहिल्या टोकाच्या चट्ट्यांत इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्यूकिन-2 यांचा जोर होता, दुसऱ्या टोकाला इंटरल्यूकिन-4 आणि इंटरल्यूकिन-10 यांचा. सायटोकाइन म्हणतात ते हेच निरोप.

आपल्याकडे हरभऱ्यात रानडुकरं घुसू नयेत म्हणून रात्री जागलीला जातात. जागल्या मचाणावर असतो, पण पहाटे त्याचाही डोळा लागतो. मॅक्रोफेज असाच पेंगलेला जागल्या. जंतू त्याच्या पोटातल्या पिशवीत बसतो आणि पाचकरसाची पिशवी तिला येऊन मिळू देत नाही. अशा वेळी शेजारच्या धुऱ्यावरून टी पेशी हाक मारते. ती हाक म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा. मॅक्रोफेजला चेतवणारा हा पदार्थ तोच, हे कार्ल नेथन यांच्या गटाने 1983 मध्ये दाखवलं. हाक पेशीच्या पटलावरच्या ग्राहकाला लागते, स्टॅट-1 नावाचं प्रथिन केंद्रकात जातं आणि झोपलेली जनुकं कामाला लागतात. पिशव्या जुळतात, आत आम्ल वाढतं, विषारी रेणू तयार होतात. जागल्याही गप्प बसत नाही. तो इंटरल्यूकिन-12 सोडतो, त्यामुळे टी पेशी आणखी मोठ्याने ओरडते. इंटरल्यूकिन-10 मात्र उलट सांगतो: काही नाही रे, झोप.

यावर लगेच कोणी म्हणेल, दुसऱ्या रुग्णाची प्रतिकारशक्तीच कमी. तसं नाही. इतर जंतूंशी तो चारचौघांसारखाच लढतो. त्याचं शरीर मुकं होतं ते या एकाच जंतूपुढे. प्रतिकारशक्ती म्हणजे मोटारीच्या टाकीतलं पेट्रोल नव्हे, की कमी झालं आणि भरलं. ‘इम्युनिटी वाढवा’ असं लिहिलेली बाटली दिसली की माझा पारा चढतो तो यामुळे.

कारण हाक जास्त झाली तरी घात होतो. उपचार सुरू असताना एखादा रुग्ण वैतागून येतो: “गोया चालू केल्या अन् चट्टा अधिकच लाल झाला, मंग खाऊन फायदा काय?” त्याचं चुकत नाही, चट्टा खरंच लाल झालेला असतो. इंटरफेरॉन-गॅमाची आणि टीएनएफ या आणखी एका सायटोकाइनची लाट उसळलेली असते. कातडीवर ती निभावते, पण हा जंतू मज्जातंतूंतही राहतो. कोपराच्या आतल्या बाजूची नस सुजते, आणि डुकरं हाकलायला नेलेल्या टेंभ्याने कुंपणच पेटावं तसं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडतं. कुष्ठरोगात हात वाकडा होण्यामागे बऱ्याचदा जंतूपेक्षा आपल्याच पेशींची ही धुमश्चक्री असते.

इंटरफेरॉन-गॅमा बाहेरूनच टोचला तर? तेही करून झालं. 1986 मध्ये नेथन आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या टोकाच्या रुग्णांच्या कातडीत तो थोडा टोचला. तिथे पेशी गोळा झाल्या, जंतूही घटले. आशा वाढली. पुढे दीर्घकाळ देऊन पाहिला, तर अनेक रुग्णांना ताप आणि अंगावर दुखऱ्या गाठी येऊ लागल्या. 1992 मध्ये हा अनुभव प्रसिद्ध झाला, आणि हे औषध कुष्ठरोगाच्या नेहमीच्या उपचारात काही आलं नाही.

म्हणून डॉक्टर कोपराची नस चाचपतात, करंगळी बाहेरच्या बाजूला ताणायला सांगतात. जोर कमी वाटला तर प्रेडनिसोलोन देऊन हाका शांत करतात आणि जंतू मारणाऱ्या गोळ्या तशाच चालू ठेवतात. रुग्णाला हे विचित्र वाटतं. एक औषध लढायला, दुसरं लढाई आवरायला, आणि दोन्ही एकाच वेळी.

त्या दुखऱ्या गाठींवर एक बदनाम औषध चालतं, थॅलिडोमाइड. ते 1964 मध्ये जेरुसलेममध्ये कसं हाती लागलं, ते पुढच्या आठवड्यात.