मृत तारण, जिवंत कर्ज

घरासाठी कर्ज काढणाऱ्या नोकरदारांच्या बोलण्यात ‘मॉर्टगेज’ हा इंग्रजी शब्द वारंवार येतो. वास्तविक त्यातील ‘टी’ हे अक्षर उच्चारावयाचे नसते. ‘मॉर्गिज’ हाच त्याचा प्रमाण उच्चार होय. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द ‘टी’वाचूनही लिहिला जाई. पुढे लॅटिन मुळाशी असलेले नाते दाखविण्यासाठी ते अक्षर लेखनात रुजले. जिभेने मात्र ते स्वीकारले नाही.

हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला. त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ ‘मृत’, तर उत्तरार्धाचा ‘तारण’. वेतनवाचक ‘वेज’ आणि विवाहवाचक ‘वेड’ हे शब्द या उत्तरार्धाचेच सगोत्र होत. वचनाने बांधून घेणे ही त्या सर्वांमागील कल्पना.

परंतु तारण ‘मृत’ कसे? सतराव्या शतकातील न्यायपंडित एडवर्ड कोक यांचा खुलासा असा : कर्ज मुदतीत फिटले नाही तर जमीन ऋणकोला मेली आणि फिटले तर धनकोला. खुलासा चतुर खरा. पण बाराव्या शतकाच्या अखेरीस ग्लॅनव्हिल यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कायदेग्रंथात याहून जुना अर्थ सापडतो. गहाण जमिनीचे उत्पन्न कर्जात वजा न होता सावकाराच्याच पदरी पडत असेल, तर ते तारण ‘मृत’. ते वजा होत असेल तर ‘जिवंत’, अशी जोडसंज्ञाही जुन्या कायद्यात आढळते. व्याज हे पाप मानले जात असताना मृत तारण हा व्याज घेण्याचाच आडमार्ग होता.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. आपल्याकडील ताबेगहाणातही जमिनीचे उत्पन्न व्याजात जिरवले की मुद्दल जागच्या जागी राहते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यावरील आकड्यामागे जाऊन मुद्दल व व्याज यांचा पूर्वापार हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.

आजचा गृहकर्जाचा हप्ता मुद्दल फेडतो, हे खरे. पण आरंभी किती? दहा लाखांचे कर्ज दरसाल ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ८,९९७ रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातील ७,५०० रुपये व्याजातच जातात. मुद्दल जेमतेम १,४९७ रुपयांनी घटते. अखेरपर्यंत भरणा होतो एकवीस लाखांहून अधिक. म्हणूनच हाती आलेली जादा रक्कम कर्जाच्या प्रारंभीच्या वर्षांत भरण्याचे मोल मोठे.

शब्दातील ‘टी’ उच्चारातून गाळणे योग्यच. हिशेब पाहताना मात्र मुद्दल नजरेआड करून चालत नाही. गहाणखतावर सही करणाऱ्याने हप्ता किती, एवढेच विचारून थांबू नये. त्यातून मुद्दल किती फिटते, हेही विचारावे. आठ शतकांपूर्वीच्या त्या शब्दाने विचारलेला प्रश्नही हाच आहे.