कंटेनरच्या फोटोंसाठी नवा व्ह्यूअर घेताना

तळोजा एमआयडीसीतून निर्यातीचा माल न्हावा-शेव्याच्या बंदराकडे निघतो, तेव्हा कारखान्यात त्याचे फोटो मागे राहतात. रिकामा कंटेनर, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, बंद दार आणि शेवटी सीलचा नंबर. डिस्पॅचवाला ते मोबाइलवर टिपतो आणि ऑफिसच्या संगणकावर टाकतो. दोन महिन्यांनी परदेशातल्या गिऱ्हाइकाने तक्रार केली की त्या ढिगातून नेमका एक फोटो काढायचा असतो. फोटो पाहायच्या प्रोग्रामची, म्हणजे इमेज व्ह्यूअरची, खरी परीक्षा तेव्हा होते.

‘नवी आवृत्ती जास्त वेगवान’ असं कंपन्या सांगतात. हा वेग येतो कुठून? मोबाइलचा नेहमीचा 12 मेगापिक्सेलचा फोटो 4032 बाय 3024 ठिपक्यांचा असतो, म्हणजे जवळपास 1 कोटी 22 लाख ठिपके. जेपेग फाइल तीन-चार एमबीची दिसली तरी उलगडल्यावर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात आणि मेमरीत साडेछत्तीस एमबी जागा जाते. पडद्यावर मात्र 1920 बाय 1080, म्हणजे जेमतेम 21 लाख ठिपके मावतात. चांगला व्ह्यूअर सगळा फोटो उलगडत बसत नाही. जेपेगची रचनाच अशी आहे की चित्र थेट निम्म्या किंवा पाव मापात उलगडता येतं. शिवाय तुम्ही एक फोटो पाहत असताना तो पुढचा आधीच तयार ठेवतो. बाण दाबताच फोटो समोर येतो तो यामुळे. झूम केलं की मगच पूर्ण फोटो उलगडतो.

फोटो फिरवतानाही चांगला व्ह्यूअर वेगळा ठरतो. जेपेग चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन करून ते साठवतं. साधा प्रोग्राम आडवा फोटो उभा करताना तो पुन्हा दाबून साठवतो आणि दर वेळी थोडा तपशील जातो. ‘लॉसलेस रोटेशन’ असलेला व्ह्यूअर ते चौकोनच फिरवून नव्या जागी मांडतो, त्यामुळे काहीच हरवत नाही. रंगाची माहिती कमी करून साठवलेली असेल तर चौकोनांचा गट 16 बाय 16 चा धरावा लागतो. 4032 आणि 3024 या दोन्ही संख्यांना 16 ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे असा फोटो कडा न कापता फिरतो. सीलवरचे बारीक आकडे वाचायचे असतील तर ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते.

आयफोनचे फोटो ही वेगळी अडचण. 2017 पासून आयफोन हेइक स्वरूपात फोटो साठवू लागला. फाइल लहान होते, पण तिच्यातली एचईव्हीसी ही पद्धत पेटंटने बांधलेली आहे. म्हणून फुकट व्ह्यूअर घेतला तरी विंडोजवर तो कधी कधी मायक्रोसॉफ्टच्या दुकानातलं विकतचं एक्स्टेन्शन मागतो. नव्या आवृत्तीत ‘हेइक चालतं’ असं लिहिलेलं असेल तर ते स्वतःच्या बळावर की विंडोजच्या, एवढं विचारून घ्या.

तारखेवरून एकगठ्ठा नावं बदलायची सोयही जरूर पाहा. फोटो काढल्याची वेळ फाइलमधल्या एक्झिफ नोंदीत असते. पण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो ही नोंद गमावतो. डिस्पॅचवाल्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर उत्तम व्ह्यूअरलाही तारीख सापडणार नाही.

आता पैसे. इरफानव्ह्यू, एक्सएनव्ह्यू, फास्टस्टोन हे तिन्ही घरी वापरायला फुकट आहेत. 1996 साली आलेला इरफानव्ह्यू तर एकट्या इरफान श्किल्यान यांचं काम. पण तोच प्रोग्राम तळोजा फेज 1 मधल्या तुमच्या घरात फुकट असला तरी एमआयडीसीतल्या ऑफिसात परवाना मागतो. प्रोग्रामला कुलूप नसतं, तो बिनातक्रार चालतो, म्हणून अनेकांना हे कळतच नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांच्या कैदेची आणि किमान 50 हजारांच्या दंडाची तरतूद आहे. त्यापुढे परवान्याची रक्कम किरकोळच. इरफानव्ह्यूचे पैसे एकदाच भरायचे, आणि संगणक जास्त असले की दर उतरतो. एसीडीसीसारखे मोठे प्रोग्राम मात्र एकरकमी किंवा वर्गणीने मिळतात. एकरकमी घेताना पुढची आवृत्ती त्यात येते की तिचे पुन्हा पैसे पडतात, हे आधी वाचा. वर्गणी थांबली की प्रोग्रामही थांबतो.

परदेशी कंपनीकडून परवाना घेतल्यावर जीएसटी नोंदणी असलेल्या कारखान्याला रिव्हर्स चार्जने 18 टक्के कर स्वतः भरावा लागतो. म्हणून बिल कारखान्याच्या नावानेच मागवा, कोणाच्या खासगी कार्डावरच्या घरगुती नावाने नको.

आणि पैसे भरण्याआधी चाचणीची प्रत तुमच्याच सगळ्यात जड फोल्डरवर चालवा. गेल्या पावसाळ्यातल्या एखाद्या कंटेनरचा सील नंबर शोधायला सांगा, आणि रोज ते काम करणाऱ्या माणसाच्याच हातात माउस द्या.