घोडे बदलण्याचं गाव

लंडनहून एडिंबराकडे जाणाऱ्या जुन्या ‘ग्रेट नॉर्थ रोड’वर, लंडनपासून सुमारे 120 किलोमीटरवर स्टिल्टन लागतं. निळ्या शिरांच्या चीजमुळे हे नाव जगभर पोहोचलं. गाव मात्र लहानसं, आणि त्याच्या मानाने मधला रस्ता फारच रुंद. या रस्त्याला तोंड करून ‘बेल इन’ ही लांबलचक दगडी सराई उभी आहे. तिच्यावर 1642 हे साल आहे, नक्षीदार लोखंडी कंसातून तांब्याची भलीमोठी पाटी रस्त्यावर झुकली आहे आणि इमारतीच्या पोटातून एक उंच कमान आरपार मागच्या अंगणात जाते.

ही कमान नीट पाहावी, कारण सगळी इमारत तिच्याभोवती रचलेली आहे. घरात शिरायला एवढी उंची लागत नाही. ती लागते घोडागाडीला, तीही टपावर माणसं आणि सामान लादलेल्या गाडीला. कित्येक सरायांच्या कमानी याहून ठेंगण्या होत्या आणि टपावरच्या उतारूंना तिथे डोकी वाकवावी लागत. कमानीतून आत आलं की अंगण, कडेने पागा, वर चंदी-वैरणीची जागा, नोकरांच्या खोल्या. रस्त्याकडची बाजू माणसांची: बैठकीच्या खोल्या, माडीवर निजायच्या खोल्या, आणि येणारी गाडी लांबूनच दिसावी अशा पुढे आलेल्या खिडक्या. अंगणाच्या बाजूने कमानीवर पुढच्या मुक्कामांची नावं आणि अंतरं लिहिलेली आहेत. निघणाऱ्या माणसाला शेवटचं दिसणार ते तेच.

हीच जागा का, याचं उत्तर घोड्याच्या दमात आहे. भरलेली गाडी वेगाने ओढणारा घोडा सोळा ते चोवीस किलोमीटरांत थकतो. मग ताजे घोडे हवेत. स्टिल्टनच्या दक्षिणेला हंटिंग्डन, उत्तरेला स्टॅमफर्ड. दोन्ही साधारण 20-22 किलोमीटरवर. म्हणजे नेमका एकेक टप्पा. इंग्लंडच्या जुन्या हमरस्त्यांवर अशा सरायांची माळच होती.

1754 मधल्या एका जाहिरातीत लंडन ते एडिंबरा हा प्रवास उन्हाळ्यात 10 दिवसांचा आणि हिवाळ्यात 12 दिवसांचा सांगितला आहे. 1830 च्या दशकात टपालगाडी तेच अंतर दोन दिवसांच्या आत कापू लागली. टोल घेऊन रस्ते राखणारी मंडळं आली, खडीचे पक्के रस्ते झाले, गाड्यांना चांगल्या स्प्रिंगा आल्या. 1784 मध्ये जॉन पामर यांच्या योजनेतून टपालासाठी वेळापत्रकाने बांधलेली गाडी सुरू झाली, तेव्हापासून तर मिनिटांचा हिशेब आला. लाल कोट घातलेला पहारेकरी बंदूक आणि कुलूपबंद घड्याळ घेऊन मागे बसे. तो लांबूनच शिंग फुंकी, की टोलनाक्याचं फाटक उघडलं जाई आणि सराईतले मोतद्दार घोड्यांना साज चढवून अंगणात उभे राहत. कसलेली माणसं दोनेक मिनिटांत चारही घोडे बदलत. मला हे मोतद्दार या सगळ्या कथेचे खरे नायक वाटतात. सरायांच्या आठवणींत मालकांची नावं राहिली. रात्री-अपरात्री, बर्फात, कंदिलाच्या उजेडात साज आवळणाऱ्या हातांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मालकांत कूपर थॉर्नहिल हे नाव गाजलं. ‘बेल’चा हा मालक स्वतः पट्टीचा घोडेस्वार. 1745 च्या एप्रिलमध्ये त्याने 500 गिनींची पैज घेतली: स्टिल्टनहून लंडन, परत स्टिल्टन आणि पुन्हा लंडन, 15 तासांच्या आत. वाटेत घोडे बदलत त्याने 213 मैल, म्हणजे 340 किलोमीटरांहून जास्त अंतर 12 तास 17 मिनिटांत कापलं.

चीजच्या व्यापारातही थॉर्नहिलचा हात मोठा होता. लेस्टरशरमध्ये फ्रान्सिस पॉलेट या बाईंच्या हाताखाली तयार होणारं चीज त्याच्याकडे येई. उतारू ते इथे चाखत, विकत घेत आणि लंडनला नेत. चीजला नाव पडलं ते गाडी जिथे थांबे त्या गावाचं. डॅनियल डीफो यांनीही 1720 च्या दशकात आपल्या प्रवासवर्णनात या गावाची चीजबद्दल ख्याती नोंदवली आहे. रस्त्यावरचा एक थांबा एखाद्या पदार्थाचं नाव ठरवू शकतो, ही ताकद घोड्यांच्या त्या वाहतुकीची होती.

1850 मध्ये लंडन ते पीटरबरो रेल्वे सुरू झाली. रूळ काही किलोमीटर पूर्वेकडून गेले आणि घोडागाड्यांचा खडखडाट थांबला. पागेतले घोडे गेले, त्यांच्याबरोबर मोतद्दारांची रोजीरोटीही. पुढे मोटारी आल्या, रस्ता पुन्हा वाहता झाला. पण 1950 च्या दशकाच्या अखेरीस नवा रस्ता गावाला वळसा घालून गेला. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांनी जे सोसलं, तेच इथे एका शतकाच्या अंतराने दोनदा घडलं. लोकांनी यावं म्हणून गावाने रस्त्यावरून चीजच्या आकाराचे लाकडी ओंडके गडगडवण्याच्या शर्यती सुरू केल्या. ‘बेल’ मात्र मोडकळीला आली होती. ती 1990 च्या सुमारास दुरुस्त होऊन हॉटेल म्हणून पुन्हा उघडली, आणि आज ती संरक्षित वास्तू आहे.

चीजला मात्र गावात तशी जागा मिळाली नाही. भौगोलिक मानांकनाच्या नियमांप्रमाणे ‘स्टिल्टन’ या नावाचं चीज डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच परगण्यांत बनवता येतं. स्टिल्टन गाव आहे केम्ब्रिजशरमध्ये. पूर्वी आपल्याकडेही हे चीज बनत असे, असं म्हणत गावाकडून परवानगी मागितली गेली, पण ती मिळाली नाही. ‘बेल’मध्ये स्टिल्टन मागवलं, तर ते आजही बाहेरूनच आलेलं असतं.