लांडगा परदेशी असेल तर चालेल!

फ्रँकोच्या मृत्यूला 50 वर्षं झाली आणि स्पेनमध्ये त्या राजवटीचा जमाखर्च पुन्हा निघाला. हुकूमशहाची थडगी, पुतळे यांवर भरपूर लिहून झालंय. माझा जीव अडकलाय तो त्या काळातल्या एका केसाळ सरदारात.

1968 सालच्या 'ला मार्का देल ओंब्रे लोबो' या चित्रपटातला वेअरवुल्फ मुळात स्पॅनिशच असणार होता. सेन्सॉरला ते खपेना. स्पॅनिश माणूस आणि लांडगा? छे! मग नायक पोलंडचा झाला : काउंट वाल्देमार दानिन्स्की. गंमत म्हणजे गॅलिसियातल्या रोमासांता नावाच्या फेरीवाल्यानं खुनांची कबुली देताना आपण लांडगा होतो असं खुद्द कोर्टात सांगितलं होतं. 1853 मध्ये त्याला देहदंड सुनावला गेला, पुढे राणी इसाबेलनं तो माफ करून जन्मठेप दिली. म्हणजे अस्सल देशी लांडगा दप्तरी नोंदलेला होता. सेन्सॉरला तो नको होता, इतकंच.

दानिन्स्की साकारला हासिंतो मोलिनानं. पटकथाही त्याचीच. पोस्टरवर परदेशी नाव हवं म्हणून तो पॉल नॅशी झाला : 'पॉल' पोपवरून, 'नॅशी' एका हंगेरियन वेटलिफ्टरवरून. तो स्वतःही वेटलिफ्टर, आणि ते पडद्यावर दिसतं. त्याचा लांडगा दबकत येत नाही. खांदे पुढे काढून अंगावरच झेप घेतो. माणूस असताना मात्र चेहऱ्यावर कायम अपराधी कळा. त्याला मुक्ती मिळणार ती जिवापाड प्रेम करणाऱ्या बाईच्या हातूनच. या मेलोड्रामावर नाकं मुरडणारे मुरडोत, मला तो आवडतो.

दानिन्स्कीचे चित्रपट बघायला सुरुवात 1971 च्या 'ला नोचे दे वालपुर्गिस'पासून करावी. दोन डॉक्टर दानिन्स्कीच्या प्रेताची चिरफाड करताहेत. अंधश्रद्धा खोटी ठरवायच्या खुमखुमीत ते काळजातल्या चांदीच्या गोळ्या उपसतात, आणि व्हायचं तेच होतं! पुढे धुक्यातून स्लो मोशनमध्ये तरंगत येणाऱ्या रक्तपिपासू बायका आहेत. दिग्दर्शक क्लिमॉव्हस्कीची ही युक्ती कमी खर्चाची, पण आजच्या संगणकी करामतींपेक्षा जास्त झोंबते. या चित्रपटानं तुफान गल्ला जमवला आणि स्पेनमध्ये भयपटांची लाटच आली.

तर्क मात्र शोधू नये. एका चित्रपटात मेलेला दानिन्स्की पुढच्यात खुशाल हिंडतो. खुलासा करायच्या भानगडीत कुणी पडत नाही. काही प्रसंग तर दोनदा चित्रित होत : देशातल्या प्रेक्षकांसाठी कपड्यांसह, निर्यातीसाठी त्याविना. अमेरिकेत पहिल्या चित्रपटाच्या नावात वितरकानं चक्क 'फ्रँकेन्स्टाइन' घुसवलं. त्याला थिएटरवाल्यांना फ्रँकेन्स्टाइनचा चित्रपट द्यायचा होता, आणि हाती होता लांडगा.

1975 मध्ये, म्हणजे फ्रँको गेला त्याच वर्षी, दानिन्स्की हिमालयात पोचला आणि यतीशी भिडला. ती झटापट इतकी उरकल्यासारखी आहे की राग येतो. ही झुंज शेवटापर्यंत राखून ठेवायची आणि दोन मिनिटांत गुंडाळायची, हा कुठला न्याय?