पू घट्ट, नळी किती जाड?

न्यूमोनिया उतरला असं वाटत असतानाच ताप पुन्हा चढतो, खोल श्वास घेतला की कुशीत कळ येते आणि वर्धा जिल्ह्यातल्या सेलूचं कुटुंब पेशंटला घेऊन सेवाग्राम किंवा सावंगीचं हॉस्पिटल गाठतं. एक्स-रेत फुप्फुसाभोवती पाणी दिसतं, सुई टाकली की पू येतो. नळी टाकावी लागणार, यावर दुमत नसतं. ती किती जाड असावी, यावर मात्र डॉक्टरांत वर्षानुवर्षं वाद झाला.

जाड नळीच्या बाजूने गणित होतं. पातळ द्रवाच्या बाबतीत नळीची त्रिज्या दुप्पट झाली की प्रवाह सोळापट होतो. मग घट्ट पुवाला जाडच नळी हवी, असं मानलं गेलं. नळीचं माप फ्रेंचमध्ये सांगतात. 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर. 28 फ्रेंचची नळी नऊ मिलिमीटरहून जाड. ती दोन बरगड्यांमध्ये असताना कूस बदलणंही जिवावर येतं.

2010 मध्ये ब्रिटनमधल्या 405 रुग्णांच्या नोंदी नळीच्या मापाप्रमाणे तपासल्या गेल्या. मृत्यू किंवा ऑपरेशनच्या प्रमाणात बारीक आणि जाड नळीत लक्षणीय फरक आढळला नाही. वेदना मात्र जाड नळीने जास्त झाल्या. नळीच्या मापासाठी हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, हे खरं. तरीही मला हा पुरावा वजनदार वाटतो, कारण अडचण बहुधा रुंदीची नसतेच. पुवात तंतूंची जाळी होऊन कप्पे पडतात. नळी एका कप्प्यात असेल, तर ती कितीही जाड असो, शेजारचा पू जागचा हलत नाही. 2011 च्या एका चाचणीत 210 रुग्ण होते. ही जाळी आणि पुवाचा चिकटपणा मोडणारी दोन औषधं नळीतून एकत्र दिली, तेव्हा ऑपरेशनसाठी पाठवण्याचं प्रमाण 16 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आलं.

ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी 2023 पासून सुरुवातीला 14 फ्रेंच किंवा त्याहून बारीक नळी सुचवते. अपघातानंतर छातीत साचलेल्या रक्ताची गोष्ट वेगळी; तिथे गुठळ्या असतात आणि जाड नळीला अजून मान आहे.

पण बारीक नळी राखावी लागते. सोनोग्राफीने जागा पाहूनच ती टाकावी, आणि तुंबू नये म्हणून दर सहा तासांनी 20-30 मिलिलिटर सलाइनने धुवावी. रात्रपाळीला एकच सिस्टर असलेल्या वॉर्डात नळी धुण्याचं हेच काम सगळ्यात आधी चुकतं, म्हणून माणसं वाढवण्याचा आग्रह धरायला हवा. नातेवाइकांनी नळीला जोडलेली बाटली छातीच्या खालीच ठेवावी आणि नळीतलं पाणी श्वासाबरोबर हलायचं थांबलं, तर लगेच सांगावं. नळी मोकळी असूनही पाच-सात दिवसांत ताप हटत नसेल, पू उरला असेल, तर सर्जनला बोलवायला आणखी थांबू नये.