पटावर नाव आहे, मूल कुठंय?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं राज्यातल्या शाळांना कुलूप लागलं आणि हजेरीपटही मिटला. पहिली ते आठवीची मुलं सलग दोन वर्षं वार्षिक परीक्षेविनाच वरच्या वर्गात गेली. पटावरची नावं जागच्या जागी राहिली. ते मूल आहे कुठं, जेवलं का, घरी काय चाललंय, हे कळायची रोजची वेळ तेवढी गेली.

ऑनलाइन वर्गांनी ती उणीव भरून निघेल असं गृहीत धरलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठवला, निळ्या खुणा उमटल्या, की मूल हजर. पण मोबाइल बापाचा. बाप कामावर गेला की तोही त्याच्या खिशातून जायचा. रात्री उमटलेल्या खुणेवरून मुलाचं काय कळणार?

त्या मानानं तांदूळवाटपाच्या दिवशी बरंच कळायचं. पोषण आहार शिजवणं थांबलं, तेव्हा तांदूळ आणि डाळी-कडधान्यं घरी द्यायचं ठरलं. पाचवीपर्यंत दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, असा हिशेब. व्हरांड्यात अंतर राखून आखलेल्या चौकोनांत पिशव्या घेऊन पालक उभे. रजिस्टरवर सही घेता घेता गुरुजी विचारणार, "पोरगी दिसली नाही बरेच दिवसांत?" "मामाकडं गेलीय," असं उत्तर आलं की मुरलेला शिक्षक ते नुसतं ऐकून सोडत नाही. आठवीतली मुलगी महिनोन्महिने मामाकडं असेल, तर कुठं लग्नाची बोलणी तर चालली नाहीत, हे पाहावं लागतं. गावात बालविवाह रोखायची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकाची. पण त्याला खबर देणार कोण? गंमत म्हणजे १९९५ साली पोषण आहाराची ही योजना देशात सुरू झाली तेव्हाही अनेक ठिकाणी कोरडं धान्यच मिळायचं, महिन्याला ३ किलो, पण ८० टक्के हजेरी भरली तरच. महासाथीत धान्य बिनशर्त मिळालं आणि त्याच्या निमित्तानं मुलांचा ठावठिकाणा लागला.

अर्थात हे सगळं शिक्षकाच्या कळकळीवर चाललं. त्याच शिक्षकांना 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या कोरोना सर्वेक्षणालाही जुंपलं होतं. एखाद्या मुलाचा बाप कोरोनानं गेला, तर वर्गशिक्षकाला ते लवकर कळायचं. पण त्यानं पुढं काय करायचं? केंद्राची पीएम केअर्स योजना प्रामुख्यानं आईबाप दोघंही गमावलेल्या मुलांसाठी. एक पालक उरलेल्यांसाठी राज्याची बालसंगोपन योजना. हा फरक विधवा आईला समजावून अर्ज भरून घेणारं माणूस शाळेत हवं होतं. काही शाळांत ते होतं, पुष्कळ ठिकाणी नव्हतं.

आणि पटावरचं मूल आपल्याकडं शाळाबाह्य कधी ठरतं, तर सलग महिनाभराहून अधिक गैरहजर राहिल्यावर. महिनाभरात मूल ऊसतोडीच्या टोळीबरोबर जिल्हा ओलांडून जातं. शाळा उघडत-मिटत राहिल्या आणि 'मिशन झीरो ड्रॉपआउट'ची शोधमोहीम निघाली ती जुलै २०२२ मध्ये! माझ्या मते हा उशीर अक्षम्य होता.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून अधिक पालकच असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी एवढं तरी विचारावं: सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी कोण जातं? आणि मूल संकटात आहे अशी शंका आली, तर शाळेच्या उत्तराची वाट न पाहता मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर फिरवावा.