पाटीवरचं नाव, पाकिटावरचं नाव

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत अक्षरचित्रकाराची छोटी खोली आहे. टेबलावर ट्रेसिंग पेपरचे तुकडे, कटनिब, शाईची बाटली आणि शेजारी संगणक. समोर बसलेल्या बाई घरगुती मसाले करतात. त्यांचा गोडा मसाला, भाजणी आणि मेतकूट आजवर ओळखीपाळखीतच खपत आलं. आता दोन-तीन दुकानदार माल ठेवायला तयार आहेत, पण त्यांना पाकिटावर नीट नाव हवंय. बाईंनी मोबाइलवर तीन तयार लोगो आणलेत. तिन्हींत इंग्रजी नाव, लाल मिरची आणि खलबत्ता.

"सर, यातला कुठला घेऊ?"

"ताई, आधी हे सांगा, तुमचा मसाला घेणारी माणसं पुन्हा का येतात?"

बाई बोलायला लागतात. दगडफूल हात राखून न घालणं, खोबरं मंद आचेवर भाजणं, तीळ शेवटी घेणं, सगळी पद्धत सासूबाईंची. चित्रकार कागदावर शब्द टिपून घेतात आणि पहिली काट मिरचीवर मारतात. गोड्या मसाल्याची ओळख तिखटपणात नाही, मग पाकिटावर मिरची कशाला? भाजलेल्या खोबऱ्याचा गडद तपकिरी रंग मात्र कागदावर राहतो.

मग नावाचा प्रश्न येतो. बाईंच्या मनात मालाचं वर्णन करणारं एक सरळ नाव होतं. ते टिकणार नाही. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार मालाचा प्रकार, गुण किंवा ठिकाण एवढंच सांगणाऱ्या शब्दांची नोंदणी सहसा नाकारली जाते, कारण ते शब्द वापरायचा हक्क त्या धंद्यातल्या सगळ्यांचाच असतो. शेवटी सासूबाईंच्या माहेरचं एक घरगुती नाव ठरतं. त्याच्या पहिल्या अक्षराला वेलांटी आहे आणि शेवटच्या अक्षराला उकार.

खरं काम इथून पुढे. चित्रकार कटनिबेनं तेच नाव पुन्हा पुन्हा लिहितात. वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, उकार खाली उतरतो आणि मधली अक्षरं रिकामी वाटू लागतात. म्हणून वेलांटीची कमान थोडी लांबवून ती दुसऱ्या अक्षरावर आणली जाते. खाली 'मसाला' लिहायचंय, तिथे अडचण उलटी. त्या शब्दात वर-खाली काहीच नाही, नुसते एकापाठोपाठ एक पाच उभे दंड, कुंपणासारखे. अंतर सारखं ठेवलं की शब्द ताठर दिसतो. मग 'म' आणि 'स'च्या पोटातली पोकळी मोठी केली जाते, दंड किंचित बारीक होतात आणि शब्द मोकळा होतो.

शिरोरेषा किती बोलकी असू शकते, हे प्रत्येकाच्या खिशात आहे. २०१०मध्ये स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह डी. उदय कुमार यांनी देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांच्या मेळातून केलं. त्यातल्या वरच्या आडव्या रेघेमुळे ते पाहताक्षणी भारतीय वाटतं. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी हेच वर्षानुवर्षं केलं: नाटकाचा स्वभाव त्याच्या नावाच्या अक्षरांतच उतरवला. मराठी धंद्याचं नाव आधी देवनागरीत घडावं, असा या खोलीतला आग्रह आहे आणि तो रास्त आहे. इंग्रजी लोगो आधी करून त्याच्या मापात मराठी अक्षरं कोंबली, की वेलांट्या कापल्या जातात आणि उकार चिरडले जातात.

दुकानाच्या पाटीवर हे फार जाणवतं. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पण रोमन कॅपिटल अक्षर पट्टीची सगळी उंची व्यापतं, तर देवनागरीला मात्रा आणि उकारासाठी वर-खाली जागा सोडावी लागते. एकाच उंचीच्या पट्टीत दोन्ही बसवली तर मराठी नाव बारीक दिसतं. म्हणून चित्रकार माप घेतात ते शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत.

लोकांच्या मनात ओळख बसते ती चिकाटीनं. गिरगावात १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला, तेव्हा छाप घोड्याची होती. पुढे उंट आला, आणि कॅमलच्या कंपासपेट्या, रंगपेट्या पिढ्यान्‌पिढ्या दप्तरांतून फिरल्या. एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४मध्ये काढलेला रंगाचा डबा घेतलेला खोडकर मुलगा, गट्टू, अनेक दशकं टिकला. त्याचं नाव स्पर्धा घेऊन लोकांकडूनच मागवलं होतं.

आता चाचण्या. नाव नखाएवढं करून छापतात. उकार भरून काळा ठिपका झालेला दिसतो, म्हणून त्याची वाटी मोठी होते. मग फक्त काळ्या रंगात, कारण बिलबुकावर आणि रबरी शिक्क्यावर तपकिरी मिळणार नाही. पाकिटावर वजन, किंमत, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक हे सगळं यायचंय. नावाला उरेल तेवढ्याच जागेत ते वाचता आलं पाहिजे. रंगही दोनच. पाउच छापायच्या ग्रॅव्ह्युअर पद्धतीत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि ऑर्डर मोठी द्यावी लागते. त्यामुळे सुरुवातीला साधे पाउच आणि त्यावर स्टिकर, असं ठरतं.

नाव नोंदवायचा अर्जही त्याच आठवड्यात जातो, मसाल्यांसाठी तिसाव्या वर्गात. तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी चार महिने असतात. नोंदणी मिळाली की ती दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण होतं. नोंदणी मिळेपर्यंत नावाशेजारी 'टीएम' लिहिता येतं, गोलातला 'आर' नाही.

शेवटी बाईंच्या हाती एक पानी तक्ता येतो: दोन रंगांचे आकडे, नाव किती लहान करायचं त्याची मर्यादा, भोवती सोडायची मोकळी जागा. सोबत फाइल, अक्षरांच्या बाह्यरेषा करून दिलेली. नाहीतर छापखान्याच्या संगणकावर फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. दोनच दिवसांत फ्लेक्सवाल्याचा फोन येतो. नावाला पिवळी सावली दिली तर लांबून उठून दिसेल, असं त्याचं म्हणणं. बाई त्याला तोच तक्ता पुन्हा पाठवतात आणि सांगतात, "दादा, यात आहे तसंच करा. सावली नको."